घासभर कमी

प्रमिलाबाई भारंबे यांना मुलं दोन, पण सावद्यात कुणालाही विचारा, बाईंच्या तोंडी नाव एकाचंच. 'माझा ललित' दिवसातून पन्नास वेळा यायचं. थोरल्या मुलीचा विषय निघालाच, तर 'ती' एवढ्यावर भागायचं. तर त्या 'ती'ला, म्हणजे हर्षालीला, त्या दिवशी जळगावच्या इस्पितळात टेबलावर घेतलं होतं आणि प्रमिलाबाई बाहेर खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. दार उघडून डॉ. नाझनीन तडवी बाहेर आल्या, तशा बाई ताडकन उठल्या.

"कधीपर्यंत उतरेल हो वजन?"

"काकू, आत्ता कुठे दाणा बसवलाय. तिला शुद्धीवर तरी येऊ द्या!"

"नाही, म्हणजे माझ्या ललितकडे वेळ कमी आहे, म्हणून म्हटलं."

वेळ कमी होता, हे मात्र खरं. ललित चौतिशीचा, केळीचे वेफर्स करायचा कारखाना स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला, आणि दोन्ही किडन्या गेलेल्या. लग्न ठरलं होतं. आजार कळला तसा मुलीकडच्यांनी काढता पाय घेतला. त्या काळात डुकराची किडनी माणसाला बसवणं काही नवलाचं राहिलं नव्हतं. जनुकं बदललेली डुकरं खास त्यासाठीच पाळायचे. पण ललितला पूर्वी एका अपघातात बरंच परकं रक्त चढवावं लागलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या रक्तात अशी काही प्रतिपिंडं तयार झाली होती की बाहेरचं काहीही दिसलं की तुटून पडायची. डुकराचं नको, परक्या माणसाचं नको. आईचं जुळत होतं अर्धंमुर्धं, पण आईला मधुमेह. पूर्ण जुळली ती एकटी हर्षाली. आणि हर्षालीचं वजन होतं एकशे चार किलो.

"पंच्याहत्तरच्या खाली आल्याशिवाय मी हिची किडनी काढणार नाही," डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "मागे उरणाऱ्या एका किडनीवर एवढं ओझं टाकता येत नाही." वजन उतरवायच्या सुया देऊन पाहिल्या, तर स्वादुपिंडाला सूज आली. म्हणून मग हा दाणा.

आता हा दाणा काय प्रकार होता, ते सांगायला हवं. आपण म्हणतो पोटाला भूक लागली, पण भूक कळते मेंदूला. पोटापासून मेंदूपर्यंत व्हेगस नावाची एक लांब नस गेलेली आहे. जठर ताणलं, आतड्यात अन्न उतरलं की तिच्यातून वर निरोप जातो, 'पुरे'. हे यंत्र तांदळाच्या दाण्याएवढं. ते त्या नसेला चिकटवून ठेवायचं, की 'पुरे'चा निरोप तेच धाडू लागतं. जोडीला एक ताट मिळायचं. त्याच्या बुडाशी वजनकाटा आणि कडेला बारीकसा डोळा. ताटात काय वाढलंय ते ओळखून, तोलून, ते उष्मांक मोजायचं आणि दिवसाचं लक्ष्य भरत आलं की दाण्याला कळवायचं. मग माणसासमोर बासुंदीचं पातेलं ठेवा, ढुंकून बघणार नाही. मधल्या वेळची भूक, वासाची भूक, कंटाळा आल्याची भूक, सगळ्या भुकांची तोंडं बंद. आणि घरातला एक जण मोबाइलवर 'पालक' म्हणून नेमायचा. लक्ष्य थोडंफार खालीवर करायची मुभा त्याला, आणि काही इशारा द्यायचा झाला तर तोही त्यालाच. भारंबेंच्या घरी पालक झाला ललित.

यंत्र बनवणाऱ्यांनी माणसाच्या लबाडीचा चांगला विचार केला होता. कुणी ताटाबाहेर लाडू तोंडात टाकला तर जठराच्या ताणावरून दाण्याला संशय यायचा. पण लबाडी उलट्या बाजूनंही होऊ शकते, खाणारा आणि वाढणारा मिळून कमी खायची चोरी करतील, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी प्रमिलाबाईंना पाहिलं नव्हतं ना!

बाईंनी लक्ष्याचा अर्थ स्वतःपुरता लावून टाकला. लक्ष्य म्हणजे वरची हद्द. तिच्या घासभर खाली राहिलं तर बिघडलं कुठे? उलट चार दिवस आधीच काम होईल. डॉक्टर लोक नेहमी हातचं राखून सांगतात, हे त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा त्यांनी हर्षालीच्या वाटच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात गव्हाचा कोंडा आणि इसबगोल मिसळायला सुरुवात केली. ताटाला ती अख्खी भाकरीच दिसायची, वजनालाही भरायची, आणि पोटात फुगून दाण्यालाही फसवायची. ताट भाजीमागे चमचाभर तेल धरायचं, बाई घालायच्या चार थेंब. दही म्हणून वाढायच्या ते निम्मं पाणी. घरी म्हशी होत्या तेव्हा डेअरीच्या दुधात त्यांचा हात असाच चालायचा, त्यामुळे नवीन काही शिकावं लागलं नाही. कुणाला बोलल्या मात्र नाहीत. उगाच ती डॉक्टरीण ओरडायची.

हर्षाली बेचाळिशीला आली होती. कारखान्यातलं सगळं पॅकिंग ती बघायची. पूर्वी तिला बघायला पाहुणे यायचे, चहा-पोहे संपवून 'कळवतो' म्हणून जायचे, आणि मागाहून प्रमिलाबाई तिच्या पुढ्यातली पोह्यांची ताटली उचलून न्यायच्या. "बघ, ह्याच्यामुळे," म्हणायच्या. भावाची ताटली त्यांनी कधी उचलली नाही. त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा असायचा. आणि आता अचानक सगळ्या घराचे डोळे हर्षालीकडे लागले होते. तिला ते इतकं आवडलं, की काय सांगावं!

"आई, डोक्यात सारखा रेडिओ चालू असायचा गं खाण्याचा," दाणा सुरू झाल्यावर ती म्हणाली. "कुणीतरी बंद केला. किती शांत वाटतंय."

"बरं झालं. जेव आता मुकाट्यानं."

ताटाची आणखी एक गंमत होती. दिवसाचं लक्ष्य बरोबर गाठलं तर कडेला पांढरा ठिपका उमटायचा, आणि किंचित खाली थांबलं तर हिरवं पान. लोकांनी जरा मागेच थांबावं, म्हणून कंपनीनं लावलेली ती चटक होती. हर्षालीला पानाचं वेड लागलं. भुकेचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे शेवटचे दोन घास बाजूला सारणं तिला मुळीच जड जाईना.

"ललित, आज पण पान," ती ताट उचलून दाखवायची.

"शाब्बास, ताई," तो अंथरुणातून म्हणायचा. आणि बेचाळीस वर्षांची बाई चक्क लाजायची.

रावेरला एका लग्नात बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. "अगं बाई, ही हर्षाली? मी तर ओळखलीच नाही!" "काय खातेस गं?" "खात काय, खात नाही म्हणून तर!" हर्षाली हसत होती, नव्या साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा चाचपत होती. प्रमिलाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "माझ्या ललितसाठी करतेय हो." परत येताना गाडीत हर्षाली त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बाईंना त्याची सवय नव्हती. त्या अवघडून बसून राहिल्या, पण त्यांनी डोकं हलवलं नाही.

मग न्हाणीघरात केसांचे पुंजके दिसायला लागले. सावद्याचा उन्हाळा, बाहेर डांबर वितळतंय, आणि हर्षाली स्वेटर घालून वेफर्सच्या कढईजवळ बसायला लागली. कामगार बाया उन्हानं अर्धमेल्या झालेल्या आणि ही हात शेकत बसलेली. बायांनी घरी येऊन सांगितलंही. "बारीक माणसाला थंडी वाजतेच," प्रमिलाबाई म्हणाल्या. एकदा ती जिन्यात बसून राहिली, वर चढवेना. बाईंनी लिंबूपाणी दिलं, साखरेवाचून. ललितच्या मोबाइलवर अधूनमधून पिवळी खूण यायची, 'वजन अपेक्षेपेक्षा वेगाने उतरत आहे'. तो वाचायचा, खूश व्हायचा आणि 'ठीक आहे'वर बोट दाबायचा.

पावसाळा संपता संपता काटा पंच्याहत्तरच्याही खाली आला. प्रमिलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तिघं जळगावला गेले.

डॉ. तडवींनी आकडा बघितला, हर्षालीकडे बघितलं, पुन्हा आकडा बघितला. "इतक्या लवकर? माझ्या अंदाजानं अजून चार-पाच महिने लागायला हवे होते."

आता काम फत्ते झालं होतं. गुपित ठेवण्यात काय हशील? प्रमिलाबाईंनी पदर सावरला. "आता सांगायला हरकत नाही. मीच तिच्या पिठात कोंडा घालत होते. तेलही बेताचंच. तुमच्या लक्ष्याच्या घासभर कमी, एवढंच."

ललित खो खो हसला. "आई, तू पण? अगं, मी तर पहिल्या दिवसापासून लक्ष्य खालच्या टोकाला आणून ठेवलंय! म्हटलं, थोडं कमीच बरं."

"आणि मी रोज शेवटचे दोन घास सोडत होते," हर्षाली म्हणाली. "पान मिळायचं ना."

तिघंही हसायला लागले. अख्खं घर एकाच कामाला लागलं होतं आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता! प्रमिलाबाईंना तर त्या घटकेला आपल्या मुलांचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. हर्षालीचा हात त्यांनी आपण होऊन हातात घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं, की डॉक्टरीणबाई हसत नाहीत.

"हिला आधी तपासते," त्या म्हणाल्या.

तपासण्या होईतो दुपार टळली. हर्षाली बाहेर आली तसा बाईंनी तिचा हात पुन्हा धरला. मग डॉ. तडवींनी तिघांना समोर बसवलं आणि पडद्यावर हर्षालीचं हृदय दाखवलं. ते हलत होतं, पण कंटाळल्यासारखं.

"शरीराला बाहेरून कमी मिळालं की ते आधी चरबी खातं, ते आपल्याला हवंच असतं. पण फारच कमी मिळालं, तर ते स्नायू खायला लागतं. दंडाचे खातं, मांडीचे खातं. आणि हृदय हाही स्नायूच आहे. एकानं घासभर कमी केलं असतं तर चाललं असतं, तेवढं मी धरलेलं असतं. तुम्ही तिघांनी केलंत, एकावर एक. तिच्या पोटात निम्मंसुद्धा जात नव्हतं."

"पण मला काहीच होत नव्हतं," हर्षाली म्हणाली. "भूकच लागत नव्हती."

"तेच तर, बाळा. भूक लागली असती तर तू रडली असतीस, डबे उघडून खाल्लं असतंस. ती मीच बंद केली होती. घरचे तरी बघतील, असं मला वाटलं."

मग ललित म्हणाला, "ऑपरेशन कधी?"

"होणार नाही. भूल दिली तर ह्या हृदयानं ती टेबलावरून उठणार नाही."

"आणि किडनी?"

"किडन्या उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ते म्हटल्याचा त्यांना पश्चात्ताप झाल्यासारखा दिसला.

प्रमिलाबाईंचं टाळकं सरकलं. राग आला तो कोंड्याचा नाही, ललितच्या बोटाचा नाही. राग आला हर्षालीचा. एवढं सगळ्यांनी तिच्यासाठी केलं आणि ऐन वेळी हिनं कच खाल्ली. "एक काम सांगितलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एक." हर्षालीनं मान खाली घातली आणि हात सोडवून घेतला.

"काकू, पुरे," डॉ. तडवी म्हणाल्या. "आता नीट ऐका. दाण्याचं भूक मारायचं काम मी आज बंद करतेय. तो फक्त नाडी मोजत राहील. तिला आता वाढवायचंय, पण अगदी हळूहळू. उपाशी शरीरात फॉस्फेट नावाचा क्षार जवळपास संपलेला असतो. एकदम भात-पोळी-साखर पोटात गेली की पेशी ती पचवण्यासाठी उरलंसुरलं फॉस्फेट रक्तातून ओढून घेतात, आणि हृदयाला काही शिल्लक राहत नाही. दोन-तीन दिवस असं झालं की ठोके चुकायला लागतात, आणि हृदय थांबतं. दाणा अ‍ॅम्ब्युलन्सला कळवेल, ती येईल, हृदय पुन्हा सुरूही करता येतं. पण तोवर मेंदू गेलेला असतो. म्हणून जेवणाला अर्धी पोळी म्हटलं की अर्धीच. ती कितीही रडली तरी. घासभर कमी चालेल, घासभर जास्त नाही. सुरुवातीला मी तिला इथेच ठेवून घ्यायला तयार आहे."

"घरी बघेन मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मोजून घालणं मला येतं."

"वर्ष लागेल तिला सावरायला. मग बघू ऑपरेशनचं."

ललितच्या मानेत नळी होती. हातांच्या नसा डायलिसिसला केव्हाच संपल्या होत्या, आणि मानेतली ही शेवटची जागा दिवाळीपलीकडे टिकेल, असं कुणीच म्हणत नव्हतं. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "समजा, ताईचं काही बरंवाईट झालं तर?"

डॉ. तडवींनी त्याच्याकडे बघितलं. "मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी रक्ताच्या नात्यात आधी जाते. कायदा तसा आहे, आणि तिनं संमती पहिल्याच दिवशी दिलीय. पण आपण त्याबद्दल बोलत नाही आहोत, ललित."

"नाही, नाही. सहज विचारलं."

हर्षाली स्वेटरचं बटण फिरवत बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

घरी आल्यावर तिची भूक परत आली. एक-दोन दिवसांची नव्हे, इतक्या महिन्यांची सगळी एकदम. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडायची. ताट आता जास्त वाढलं की लाल व्हायचं, आणि प्रमिलाबाई लाल होऊ द्यायच्या नाहीत. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्यांनी इमानेइतबारे सगळं केलं. अर्धी पोळी म्हणजे अर्धी. हर्षाली बोटं चाटायची, ताटाची कड चाटायची. "आई, कणभर भात दे गं," म्हणून पाय धरायची. एकदा तर तिनं शेजारच्या मुलाच्या हातातलं बिस्किट मागून घेतलं. बाईंनी ते तिच्या मुठीतून काढून फेकून दिलं आणि मग मोरीत जाऊन रडल्या. रडल्या त्या तिच्यासाठीच. तेही खोटं नव्हतं.

मग नवरात्रात ललितच्या नळीला जंतुसंसर्ग झाला आणि त्याला जळगावला अतिदक्षता विभागात हलवलं. प्रमिलाबाईंनी काचेतून बघितलं. त्यांचा गोरागोमटा पोरगा राखेच्या रंगाचा झाला होता.

"काकू, खोटी आशा नाही दाखवत," डॉ. तडवी म्हणाल्या. "नळी काढावी लागेल. त्यानंतर आठवडा, फार तर दहा दिवस."

बाई घरी आल्या, पाय धुतले आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. समोर रवा होता. त्यांनी मनाशी काही ठरवलं नाही. निदान पुढे त्यांनी स्वतःला तसंच सांगितलं. त्यांनी तुपात रवा भाजला, साखर घातली, केळं कुस्करून घातलं, आणि यंत्राचं ताट उचलून वरच्या फळीवर ठेवून दिलं.

"ताट कुठंय?" हर्षालीनं विचारलं.

"बिघडलंय. स्टीलचं घे."

तिला वास असह्य झाला होता. तिनं विचारलं नाही किती घेऊ. बाईंनी वाढला तेवढा शिरा तिनं खाल्ला, पुन्हा वाढला तोही खाल्ला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं, की प्रमिलाबाईंना क्षणभर वाटलं, आपण चांगलंच करतोय. पोटच्या पोरीला पोटभर घालतोय, ह्यात वाईट ते काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी पुऱ्या तळल्या. संध्याकाळी हर्षालीच्या घोट्यांवर सूज दिसली. बाईंनी ती पाहिली आणि दिवा लावायला उठल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून फोन आला. नळी काढली होती. प्रमिलाबाईंनी फोन ठेवला आणि कणकेत ओवा टाकून बट्ट्यांचं पीठ मळायला घेतलं. बट्ट्या उकडल्या, कापल्या, तळल्या. तुरीचं वरण केलं. घोटलेल्या वांग्याची भाजी केली. दुपार झाली तेव्हा सगळं घर तुपाच्या वासानं भरलं होतं.

हर्षाली भिंत धरून आली आणि पाटावर बसली. बाईंनी दोन बट्ट्या कुस्करल्या, वर वरण ओतलं, तुपाची धार धरली. हर्षाली अधाशासारखी जेवली. ताट रिकामं झालं तसं बाईंनी आणखी एक बट्टी पुढे केली, आणि ह्या वेळी हर्षालीनं हात आडवा धरला.

"आई, डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय."

"त्याला आता झाले दिवस."

"ते ताट बिघडलेलं नाहीये. मी काल काढून बघितलं."

तुपाचं भांडं प्रमिलाबाईंच्या हातात होतं आणि ते नेमकं कुठे ठेवावं, ते त्यांना सुचेना.

"ललित कसा आहे?" हर्षालीनं विचारलं.

"वाट बघतोय."

कशाची, ते बाईंनी सांगितलं नाही आणि हर्षालीनंही विचारलं नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. प्रमिलाबाईंना वाटलं, हिनं ताट भिरकावून द्यावं. शिव्या द्याव्यात, उठून शेजारी जावं, डॉक्टरीणबाईंना फोन लावावा, काहीही करावं. म्हणजे मी सुटेन. त्या मनातल्या मनात तिला म्हणाल्यासुद्धा, ऊठ गं, ऊठ. पण तोंडानं म्हणायचं झालं तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, आणि जळगावला काचेआड ललित निजलेला होता.

हर्षाली उठली नाही. तिनं आडवा धरलेला हात काढून घेतला आणि ताट बोटभर पुढे सरकवलं.

"वाढ," ती म्हणाली. "पण आज वाढून आत जाऊ नकोस. माझ्याजवळ बस."

प्रमिलाबाई तिच्याशेजारी बसल्या. आपण होऊन त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वेटरखाली सैल पडलेली कातडी हाताला लागत होती, आणि तिच्याखाली धडधड. हर्षाली सावकाश जेवत होती, चव घेत. मध्येच ती थांबली आणि तिनं छातीवर हात धरला.

"आई, कसंतरीच होतंय गं."

हाताखालचा ठोका चुकला होता. बाईंना तो स्पष्ट कळला.

"होतं तसं, जेवल्यावर," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी आणखी एक बट्टी कुस्करायला घेतली.